उगवलेलं बी, न उगवलेलं बी : प्रथिनांवरच्या खुणा कशा वाचतात

मंडळी, आज सोयाबीनच्या दोन दाण्यांपासून सुरुवात करू. दोन्ही एकाच वाणाचे, समजा जेएस ३३५ चे, आणि एकाच वावरातले. पहिला सुडी भिजायच्या आत मळून निघालेला. दुसरा ऑक्टोबरच्या पावसात सुडीतच ओला झाला, मग उन्हात वाळला, मग मळला गेला. मार्च महिन्यात हे दोन दाणे तळहातावर घेतले तर भल्याभल्यांना ओळखू येणार नाहीत. दोन्ही पिवळे, दोन्ही टणक. जूनमध्ये पेरले. पहिला पाच-सहा दिवसांत माती फोडून वर आला. दुसरा जागच्या जागी कुजला. आता सांगा, फरक कशात होता?

हा प्रश्न आम्ही कल्पनेने रचलेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये परतीच्या पावसाने विदर्भ-मराठवाड्यातलं उभं आणि कापून ठेवलेलं सोयाबीन भिजवलं. त्याच पिकातून पुढच्या वर्षीचं बियाणं निघायचं होतं. जून २०२० मध्ये पेरण्या झाल्या आणि ‘उगवलंच नाही’ अशा तक्रारींचा ढीग पडला. इतका की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आपल्या वाशीम जिल्ह्यात खरिपाचं निम्म्याहून अधिक रान सोयाबीनखाली असतं. रिसोडला काय किंवा मानोऱ्याला काय, दुबार पेरणी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. अशा वेळी तालुक्याची तक्रार निवारण समिती येते, पंचनामा होतो आणि वाद एका जागी येऊन अडतो: बी मुळातच मेलेलं होतं, की पेरणी खोल गेली, पाऊस लांबला, माती धरली गेली?

आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यातही प्रमाणशास्त्र. ‘कशावरून म्हणता?’ हा एकच प्रश्न आम्ही आयुष्यभर वेगवेगळ्या शब्दांत विचारत आलो. म्हणून बियाण्याच्या म्हातारपणावर जे संशोधन चाललं आहे त्याकडे आज याच बाजूने पाहायचं आहे: वनस्पतीच्या प्रथिनांवर झालेले रासायनिक बदल शास्त्रज्ञ ओळखतात कसे, आणि त्या ओळखीवर किती विश्वास ठेवायचा.

जनुक म्हणजे मजकूर आणि प्रथिन म्हणजे त्या मजकुराबरहुकूम गुंफलेली अमिनो आम्लांची माळ, एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. सोयाबीनचा जनुकसंच २०१० साली प्रसिद्ध झाला आणि त्यात सुमारे ४६ हजार जनुकं मोजली गेली. पण माळ गुंफून झाल्यावर तिचं पुढे काय होतं, हे त्या मजकुरात वाचता येत नाही. आपल्या दोन दाण्यांचा मजकूर एकच आहे. थोडीफार मोडतोड डीएनएचीही होते, पेशींच्या पापुद्र्यांचीही होते, ते आज बाजूला ठेवू. प्रथिनांपुरतं बोलू.

सोयाबीनच्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं आणि त्यातला मोठा हिस्सा दोनच प्रथिनांचा: ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन. ही कोठारातली प्रथिनं. कोंबाची शिदोरी म्हणा. ग्लायसिनिन आधी एका लांब साखळीत तयार होतं. मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, ती साखळी ठरलेल्या जागी कापतं; दोन तुकडे होतात, पण गंधकाच्या पुलाने एकमेकांना धरून राहतात. बीटा-कॉनग्लायसिनिनवर झाड साखरेची झुबकी बसवतं. इतर शेकडो प्रथिनांवर फॉस्फेटचा लहानसा गट चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. पाणी कमी पडलं, कीड लागली, ऊन वाढलं की पेशी या चढउतारातून निरोप पाठवते. या सगळ्या झाडाने स्वतः *केलेल्या* खुणा. त्यांच्यासाठी विकरं आहेत, जागा ठरलेल्या आहेत.

दुसऱ्या प्रकारच्या खुणा कुणी करत नाही, त्या *पडतात*. दाण्यातल्या तेलाला खवट वास येऊ लागतो, तेव्हा त्या तेलाचे मोडके तुकडे प्रथिनांना चिकटतात. प्राणवायू मेथिओनिन या अमिनो आम्लावर जाऊन बसतो. साखर फुटून तयार झालेलं ग्लुकोज लायसिनला धरतं. भाकरी भाजताना जो खरपूस रंग येतो त्याच्या मुळाशी हीच क्रिया. लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १९१२ साली मांडली. तव्यावर ती मिनिटांत होते, कोठीतल्या पोत्यात तिला महिने लागतात. आणि अॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल तर नुसतं बसल्या बसल्या आपला अमोनिया गमावतं आणि दुसरंच होऊन बसतं.

या पडलेल्या खुणांचा ओलाव्याशी संबंध काय ते नीट समजून घ्या, कारण सुडी भिजण्याचा अर्थ तिथे आहे. चांगल्या वाळलेल्या दाण्यात पेशीतला रस आटून काचेसारखा झालेला असतो. शेंगदाण्याची चिक्की आठवा. कोरड्या हवेत कडक असते, काट्कन तुटते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की तीच चिक्की बोटाला चिकटते. दाण्याच्या आत नेमकं हेच होतं. काच आहे तोवर रेणू जागच्या जागी जखडलेले. साखर लायसिनपर्यंत पोचूच शकत नाही. ओलावा शिरला की काच मऊ होते, रेणू हलू लागतात आणि साऱ्या क्रिया वेग घेतात. पण उगवण्याइतकं पाणी नसेल तर दुरुस्तीचं काम सुरू होत नाही. म्हणजे नासायला पुरेसं आणि सावरायला अपुरं, असं ते पाणी. बियाणं साठवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे, हॅरिंग्टनचा: ठरावीक मर्यादेत दाण्यातला ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य दुप्पट, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली. विकण्याच्या दृष्टीने शेतकऱ्याला तो दिलासाच होता. पण १५ टक्क्यांचं सोयाबीन विकता आलं म्हणून ते बियाण्यासाठी ठेवता येईल असं मात्र कुणी समजू नये. सोयाबीनचं टरफल आधीच पातळ, आणि कोंबाचं मूळ टरफलाला अगदी लागून असतं. पोतं आपटलं तरी त्याला मार बसतो.

आता या खुणा पाहायच्या कशा? सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसत नाहीत. उत्तर ऐकायला साधं आहे: वजन करून. फॉस्फेटचा गट चढला तर प्रथिनाच्या तुकड्याचं वजन ७९.९६६ डाल्टनने वाढतं. प्राणवायू बसला तर १५.९९५ ने. ग्लुकोज चिकटलं तर १६२.०५३ ने. अॅस्परॅजिनने अमोनिया गमावला आणि पाण्याशी संयोग झाला तर ०.९८४ ने. एक डाल्टन म्हणजे ढोबळमानाने हायड्रोजनच्या एका अणूचं वजन. म्हणजे हे काम फार नाजूक आहे. इतके मोठे रेणू न मोडता विद्युतभारित करून हवेत उडवायचे कसे हीच मुळात अडचण होती. ती सोडवल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ सालचं नोबेल मिळालं. ‘प्रोटिओम’ हा शब्द त्याच्या आधीचा, १९९४ चा, मार्क विल्किन्स यांनी वापरात आणलेला. एखाद्या पेशीतली किंवा दाण्यातली सगळी प्रथिनं एकत्र धरून अभ्यासायची, ते प्रोटिओमिक्स.

प्रत्यक्ष काम असं चालतं. दाणे दळायचे, तेल काढून टाकायचं, प्रथिनं युरियासारख्या द्रावणात उलगडायची. गंधकाचे पूल तोडायचे, आणि ते पुन्हा जुळू नयेत म्हणून सुट्या टोकांवर आयोडोअॅसिटामाइड नावाच्या रसायनाची टोपी घालायची. मग ट्रिप्सिन नावाची कात्री. ही लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढेच कापते, त्यामुळे तुकडे कुठे पडणार हे आधी सांगता येतं. (गंमत पाहा, याच ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं सोयाबीनमध्ये असतात, कच्चं सोयाबीन पचत नाही ते त्यांच्यामुळे. तेव्हा त्यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो.) तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. ती एका बारीक नळीतून हळूहळू सोडून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तोलायची. मग एकेक निवडून फोडायची आणि त्यांचे तुकडे पुन्हा तोलायचे, म्हणजे वाढलेलं वजन माळेतल्या कितव्या मण्यावर आहे ते कळतं. अखेर संगणक ही वजनं जनुकसंचावरून काढलेल्या यादीशी ताडून पाहतो.

सोयाबीनपुरती एक जादा कटकट आहे. दोन कोठार-प्रथिनंच इतकी उदंड असतात की बाकीची त्यांच्याखाली दबतात. लग्नाच्या मांडवात भोंगा लागलेला असताना कोपऱ्यातलं कुणाचं कुजबुजणं ऐकायचं, तसं. आणि महत्त्वाचे निरोप बहुधा कुजबुजीतच असतात. त्यामुळे कोठार-प्रथिनं आधी वेगळी काढतात किंवा फॉस्फेटवाली पेप्टाइडं तेवढी गाळून घेतात.

इथवर यंत्राचं कौतुक. आता आमचा प्रश्न: कशावरून म्हणता?

यंत्र सांगतं, अमुक पेप्टाइड अमुक वजनाने जड आहे. त्यावरून आपण म्हणतो, त्यावर अमुक खूण आहे. हे अनुमान आहे, प्रत्यक्ष नाही. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, या जातीचं. आणि नैयायिकांनी या जातीच्या अनुमानाला कुठे कुठे कीड लागते त्याची चांगली यादी करून ठेवली आहे. हेतू साध्याखेरीज दुसरीकडेही सापडत असेल तर तो अनैकान्तिक. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

याचं एक उदाहरण प्रोटिओमिक्सने स्वतःच पुरवलं. पेशीला एखादं प्रथिन मोडीत काढायचं असलं की ती बऱ्याचदा त्याच्या लायसिनवर युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन बांधते. मरणाची चिठ्ठीच म्हणा. ट्रिप्सिनने कापल्यावर त्या चिठ्ठीचा जो कपटा लायसिनवर उरतो त्याचं वजन ११४.०४३ डाल्टन. आता मघाची टोपी आठवा, आयोडोअॅसिटामाइडची. एका टोपीचं वजन ५७.०२१. ती बसायची गंधकावर, पण रसायन जास्त झालं किंवा उष्णता जास्त दिली तर लायसिनवरही बसते, आणि कधी एकाच लायसिनवर दोन बसतात. दोन टोप्यांचं वजन ११४.०४३. नुसतं वजनच नाही, अणूंची संख्याही तीच: तेवढेच कार्बन, तेवढेच हायड्रोजन, तेवढेच नायट्रोजन, तेवढेच ऑक्सिजन. जगातला सर्वांत अचूक काटा आणला तरी या दोहोंत भेद करणार नाही. २००८ साली हे दाखवून दिलं गेलं, आणि तेव्हापासून काळजी घेणारे लोक अशा कामाला क्लोरोअॅसिटामाइड वापरतात. म्हणजे पेशीने लिहिलेली मरणाची चिठ्ठी आणि प्रयोग करणाऱ्याच्या हातून पडलेला डाग हुबेहूब सारखे.

तेव्हा खुणा दोन नव्हे, तीन प्रकारच्या आहेत. झाडाने केलेल्या, काळाने पडलेल्या, आणि आपण प्रयोगशाळेत उमटवलेल्या. या तिसरीने मोठा घोळ होतो. मेथिओनिनवर प्राणवायू नमुना हाताळतानाही बसतो. युरिया तापवला तर तोही प्रथिनाला चिकटतो. ट्रिप्सिनने रात्रभर ३७ अंशांवर कापायला ठेवलं की तेवढ्यातच काही अॅस्परॅजिन बदलतात. मग ‘जुन्या बियाण्यात अॅस्परॅजिन बदललेले सापडले’ या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा? बियाण्याच्या कोठीतल्या दहा महिन्यांत बदलले, की टेबलावरच्या एका रात्रीत?

यावर काढलेली युक्ती आम्हाला फार आवडते. कापण्याचं काम साध्या पाण्याऐवजी जड ऑक्सिजन असलेल्या पाण्यात करायचं. अॅस्परॅजिन बदलताना पाण्याचा ऑक्सिजन आत घेतो. कोठीत बदललेल्याने साधा ऑक्सिजन घेतलेला असणार, वजनवाढ ०.९८४. टेबलावर बदललेला जड ऑक्सिजन घेणार, वजनवाढ २.९८८. झाला निवाडा. आपल्या हातचं पाणी आधीच रंगवून ठेवायचं, म्हणजे आपल्या हातून पडलेले डाग ओळखू येतात.

लायसिनवरच्या साखरेचंही असंच. झाडाने बसवलेल्या झुबक्यातल्या काही साखरा आणि काळाने चिकटवलेलं ग्लुकोज, दोहोंची भर १६२.०५३ चीच. पण झाड आपलं झुबकं अॅस्परॅजिनवर, आणि तेही शेजारी ठरलेली अमिनो आम्लं असतील तिथेच बसवतं. मायारची साखर लायसिनवर बसते. शिवाय साखर बसलेल्या लायसिनपाशी ट्रिप्सिनची कात्री चालत नाही. तिथला तुकडा लांब राहतो. वजन एक साक्ष, जागा दुसरी, कात्री चुकली ही तिसरी. तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर आम्ही मानू. नुसत्या वजनावर कुणी दावा केला तर हात जोडून म्हणू, पुढच्या तारखेला या. आणि एक: संगणक दहा हजार पेप्टाइडं ओळखल्याचं सांगतो तेव्हा बहुधा शंभरात एक चूक धरूनच सांगतो. म्हणजे शंभर ओळखी खोट्या, आणि त्या कोणत्या ते माहीत नाही. ज्या एका पेप्टाइडवर लेखाचा सगळा डोलारा उभा आहे, ते त्या शंभरातलं नाही ना, हे विचारायचा हक्क वाचकाला आहे.

आता काट्याच्याही पलीकडची गोष्ट. अॅस्परॅजिन बदलतं तेव्हा दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर साधं अॅस्पार्टिक आम्ल तयार होतं. माळ सरळ राहते. किंवा माळेचा दोराच त्या मण्याच्या भलत्या बाजूने ओवला जातो, माळेला तिथे बाक येतो. याला आयसोअॅस्पार्टिक म्हणतात. दोघांचं वजन तंतोतंत एक. पण परिणाम अगदी वेगळा: बाक आलेलं प्रथिन बहुधा कामातून जातं. मग हा बाक ओळखायचा कसा? काही खास पद्धतीने फोडलं तर तुकड्यांवरून सुगावा लागतो. पण मुख्य साक्षीदार निघाला तो बियाण्यातच. बियाण्यात एक विकर असतं, संक्षेपाने त्याला पीआयएमटी म्हणतात. ते नेमका हा बाक हुडकतं, तिथे एक मिथाइल गट लावतं, आणि त्यातून तो मणी पुन्हा सरळ ओवला जाण्याची संधी मिळते. एका फेरीत सगळे सरळ होत नाहीत; उरलेल्यांसाठी पुन्हा फेरी. हेच विकर प्रयोगशाळेत नमुन्यावर सोडायचं आणि त्याने किती मिथाइल लावले ते मोजायचं. काटा जिथे आंधळा, तिथे दुरुस्ती करणाऱ्या गवंड्यालाच विचारायचं, बाबा, भिंत कुठे कुठे वाकली आहे?

२००८ साली फ्रान्समधल्या एका गटाने अॅरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात हे विकर वाढवून पाहिलं, कमी करूनही पाहिलं. वाढवलं तर बी जास्त टिकलं, कमी केलं तर लवकर मेलं. २०१३ साली दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट जीनोम रिसर्चमध्ये मनोज माजी यांच्या गटाने हरभऱ्यातलं पीआयएमटी तपासलं. हरभऱ्यात या विकराची दोन जनुकं आहेत. त्यातलं दुसरं अॅरॅबिडॉप्सिसमध्ये जास्त प्रमाणात चालवलं तेव्हा बियाण्याचा जोम आणि आयुष्य दोन्ही वाढलं, आणि बाक कमी झाला तो मुख्यतः पेशीकेंद्रातल्या प्रथिनांत. हे शेवटचं महत्त्वाचं. कोठारातल्या शिदोरीला थोडे डाग पडले तर कोंब मरत नाही. शिदोरी थोडी शिळी झाली इतकंच. काही संशोधकांचं तर म्हणणं असं की, कोठार-प्रथिनं प्राणवायूचे घाव स्वतःवर घेऊन बाकीच्यांना वाचवत असावीत. पण पेशीकेंद्रातलं प्रथिन, म्हणजे मजकूर उघडून वाचणारं प्रथिन वाकलं तर मग पाणी मिळूनही काम सुरू कसं व्हावं?

‘जुन्या बियाण्यात खुणा जास्त’ एवढ्यावरून ‘खुणांमुळे बी मेलं’ असं ठरत नाही, हे इथे स्पष्ट व्हावं. म्हाताऱ्या माणसाचे केस पांढरे असतात, पण पांढऱ्या केसांनी कुणी मरत नाही. वरच्या दोन प्रयोगांचं मोल असं की, त्यांनी नुसत्या खुणा मोजल्या नाहीत. दुरुस्ती वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही.

आता एक जुना वाद सांगतो, तो इथे नेमका बसतो. कच्चं मडकं आव्यात घातलं की काळ्याचं लाल होतं. हा रंग कशाचा बदलला? वैशेषिक म्हणाले, अग्नीने मडक्याचे अणू सुटे होतात, एकेक अणू भाजून लाल होतो आणि मग मडकं पुन्हा जुळतं. हा पीलुपाकवाद; पीलु म्हणजे अणू. नैयायिक म्हणाले, छे. मडकं मोडलं असतं तर त्यावर ठेवलेली भांडी खाली आली नसती का? आणि बाहेर काढल्यावर ‘हे तेच मडकं’ अशी ओळख कशी पटते? मडकं सच्छिद्र असतं; अग्नी आत शिरतो आणि अख्खं मडकं अख्खंपणीच भाजलं जातं. हा पिठरपाकवाद. आमच्या वर्गात पोरं या वादाला हसायची. पण प्रोटिओमिक्सच्या लोकांपुढे आज हाच पेच आहे. ट्रिप्सिनने तुकडे करून खुणा वाचणारे सगळे पीलुपाकवादी: आधी मोडा, सुटं सुटं तपासा, मग मनात जोडा. यात एक गोष्ट कायमची हरवते. एका तुकड्यावर फॉस्फेट सापडला, दुसऱ्यावर ऑक्सिजन. पण हे दोन्ही एकाच रेणूवर होते, की अर्ध्या रेणूंवर हा आणि अर्ध्यांवर तो? तुकडे झाल्यावर हे सांगता येत नाही. म्हणून दुसरा पंथ निघाला: अख्खं प्रथिन न कापता तोलायचं. एकाच जनुकाच्या अशा वेगवेगळ्या खुणांनी नटलेल्या अख्ख्या रूपांना ‘प्रोटिओफॉर्म’ हे नाव २०१३ साली मिळालं. अख्खं तोलणं अवघड आहे, मोठ्या प्रथिनांना फारच अवघड, त्यामुळे बहुतेक काम अजून मोडूनच चालतं. तिथे वाद मिटलेला नाही.

एक मोडतोड तर त्याच्याही आधी होते, दाणा दळतानाच. सोयाबीनच्या दाण्यात वजनाने बहुतेक भाग दोन दळांचा; कोंबाचा अंकुर वजनाने अगदी थोडा. अख्खा दाणा दळला की अंकुराची हकीकत दळांच्या पिठात बुडाली. आणि उगवायचं तर असतं अंकुराला. ‘बियाण्यातली प्रथिनं’ असं शीर्षक दिसलं की आधी पाहा, अंकुर वेगळा काढला होता का.

तर पंचनाम्याच्या वेळी हे सगळं कामाला येईल का? आज तरी नाही. कुजलेल्या दाण्यात जंतूंची प्रथिनं इतकी मिसळलेली असतात की जुन्या खुणा वाचणं कठीण. राखून ठेवलेला नमुना हाच खरा पुरावा, आणि त्याची तपासणी म्हणजे उगवण मोजणं. प्रमाणित सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. घरचं बियाणं असेल तर गोणपाट ओलं करा, शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल राहू द्या, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी धड कोंब मोजा. सत्तर आले तर एकरी ३० किलो. साठच आले तर ३५ च्या आसपास. हे गोणपाट सगळ्या खुणांची बेरीज एकदम सांगतं. कोणती खूण, कुठे, कशाने, ते सांगत नाही. ते सांगायला काटा लागतो. उद्या पावसात भिजूनही टिकणारं वाण हवं असेल तर कोणत्या दुरुस्तीला बळ द्यायचं हे गोणपाट सांगणार नाही.

आता प्रश्न घेऊ. कारंज्याहून एका श्रोत्याने विचारलंय: ‘उगवण गेलेलं सोयाबीन खाण्यात किंवा ढेपेत चालतं का?’

बुरशी नसेल, आणि बीजप्रक्रियेचं औषध लावलेलं नसेल, तर चालतं. औषध लावलेलं बी माणसाला नाही, जनावराला नाही, आणि बाजारात तर नाहीच नाही. बाकी, उगवण जाणं आणि अन्न म्हणून वाया जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोंब मेला तरी शिदोरी बरीचशी शाबूत असते. मात्र सोयाबीन तापवल्याशिवाय वापरू नये. ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ सालीच दाखवलं होतं की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. उष्णतेने ट्रिप्सिन अडवणारी प्रथिनं निकामी होतात. पण गिरणीत ढेप फार भाजली, लालसर-काळपट झाली, की मायारची साखर लायसिनला धरते, आणि तेवढं लायसिन कोंबडीच्या अंगी लागत नाही. पोत्यावरचा प्रथिनाचा टक्का तेवढाच राहतो, कारण तो बहुधा नायट्रोजन मोजून काढलेला असतो आणि नायट्रोजन कुठे गेलेला नसतो. म्हणून ढेप घेताना टक्का वाचा, पण रंगही पाहा.